शेड गाईड

पहिल्या सत्रातला पहिला गृहपाठ:
पांढऱ्या कापडावर पांढरं अंडं,
आणि ट्यूबमधला पांढरा वापरायचा नाही.
उस्ताझा सुहाद मूळच्या बसऱ्याच्या. बोलतात कमी,
खोडरबर मात्र न विचारता उचलतात.
माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या,
"हे तू पाहिलेलं अंडं नाही.
हे तुला आधीपासून माहीत असलेलं अंडं आहे."

शारजात पांढरं काय कमी आहे?
पार्किंगमधल्या गाड्या, इस्त्रीचे कंदुरे,
दुपारचं आभाळ तर इतकं पांढरं
की त्याला कोपरेच सापडत नाहीत.
तरी मी रात्री अकरापर्यंत
अल नहदातल्या आमच्या एका खोलीत
फ्रीजमधली सहाही अंडी पाळीपाळीने बसवून बघत होते.

तेवढ्यात आई आली.
रोलाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर, ती दात करते.
लोकांचे. पोर्सिलेनचे.
ब्रशने थरावर थर, मग भट्टी, मग पुन्हा थर.
देवरूखला सगळे सांगतात, "ती डॉक्टरकडे असते,"
आणि माझ्याबद्दल, "कॉलेजात असते,"
कसलं कॉलेज, ते कुणी विचारायच्या आत
चहा आणायला आत जातात.

खांद्यावरची पर्स न काढताच तिने चित्र पाहिलं.
"पांढरं असं काही नसतंच गं."
आणि पर्समधून काढली ती सोळा दातांची पट्टी,
प्रत्येक दात पत्र्याच्या काडीवर, किल्ल्यांच्या जुडग्यासारखा.
एकेक अंड्याशेजारी धरत गेली.
"हा पिवळ्याकडे झुकतो. हा तांबूस.
हा करडा, हे सिगरेटवाले.
टोकाला निळसर, हिरडीशी मातकट.
आणि ट्यूबलाइटखाली कधी ठरवायचं नाही.
सकाळी खिडकीशी ये."

सहा वीसला दोघी खिडकीशी.
समोरच्या इमारतीच्या काचांवरून उडालेलं ऊन
टेबलावर आलं,
आणि अंड्याच्या पोटाखाली मला
चक्क जांभळा दिसला.
तिची बस गेली.
मला दहापैकी सात. "कापड अजून खोटं बोलतंय."

फीचे चार चेक, पुढच्या तारखांचे,
ऑफिसच्या तिजोरीत आपापल्या दिवसाची वाट पाहतात.
एका सत्राचे साधारण एकशे चाळीस दात होतात.
हिशेब मी केलाय. तिला सांगितलेला नाही.

आमच्या वर्गात शेम्सा आहे,
धैदच्या मळ्यातली माती डिकीत भरून आणते
आणि आम्हाला फुकट वाटते, सुंठवड्यासारखी.
हिवोत रात्री पार्लरमध्ये नखांवर वेलबुट्ट्या काढते,
कला-इतिहासाच्या तासाला अंधार झाला
की पहिल्याच स्लाइडला झोपते.
आम्ही तिला उठवत नाही. नोट्स देतो.

तिसऱ्या सत्रात व्यक्तिचित्र.
बसायला माणूस ज्याने त्याने शोधायचा.
आई म्हणाली, "मी कशाला? केस तरी विंचरू दे."
मग बसली, ओव्हरटाइम करून आलेली,
नखांत पोर्सिलेनची पूड,
ओठ घट्ट मिटून.
"हस ना थोडं."
ती हसली, आणि हात नेहमीसारखा तोंडाशी गेला.

वरच्या बाजूची डावी दाढ,
मी पाचवीत असताना काढलेली.
इतकी वर्षं मी तो हात पाहत आले,
मला वाटायचं लाजते.

हात खाली घे, असं मी म्हणाले नाही.
तासाभराने तिलाच विसर पडला,
लॅबमधल्या त्या सुरती म्हाताऱ्याची गोष्ट सांगताना,
त्याला कवळी हवी होती, पण दोन दात किडकेच हवे होते,
नाहीतर बायको ओळखणार नाही म्हणाला.
तेवढ्यात मी ती फट काढून घेतली. भराभर, काळ्याने.

चहा झाल्यावर ती चित्रापाशी आली.
मला वाटलं, पूस म्हणेल.
चष्मा कपाळावर सरकवून
बराच वेळ वाकून पाहत राहिली.
"काळी नसते गं ती," म्हणाली.
"आत जरा लाल असतं.
उद्या सकाळी बघ. खिडकीशी."